मदत हवी आहे: आंब्र सुल्तान की लेर दु देझेर मारोकँ?

चंदनखोड: सर्ज ल्युतेन्सचं आंब्र सुल्तान आणि टाउअरचं लेर दु देझेर मारोकँ, या दोन परफ्यूमपैकी एकच बाटली घ्यायची आहे. वापर ऑफिसात आणि संध्याकाळच्या लग्नांना. गोडमिट्ट नको. कोल्हापुरात टेस्टर मिळेना. सरळ मागवू का?

धुपाटणं: वास न घेता अजिबात नको. आधी दोन्हींची २ मिलीची डिकँट (मूळ बाटलीतून काढलेले छोटे नमुने) मागवा. एका फवाऱ्याला साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे वीसेक फवारे मिळतील.

परफ्यूममधलं 'अंबर' म्हणजे सहसा व्हेलचं अंबर नव्हे. लॅब्डनम नावाची झुडपाची राळ, ऊद (बेंझॉइनची राळ, अगरूचं लाकूड नव्हे) आणि व्हॅनिला यांचा तो मेळ. खरा फरक मसाल्यात आहे. सुल्तानमध्ये तमालपत्र, ओरेगॅनो, धणे. सुरुवातीला अगदी काढ्याचा कडवटपणा, मग राळ दाटते आणि व्हॅनिला वर येते. मारोकँमध्ये धणे-जिरं, मागून सीडरचं लाकूड आणि वेटिव्हर (आपला वाळाच की), म्हणून शेवटपर्यंत कोरडं राहतं. तुमच्या अटीत हे बसतं. धोका जिऱ्याचा. घामेजल्या अंगावर ते घामासारखंच येतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये भर दुपारी लावू नका.

रंकाळावारा: जिऱ्याचं पटलं, पण ऑफिसला मारोकँचे दोन फवारेही जास्त होतात. एकच, तोही शर्टाच्या आत छातीवर. एसीच्या बंद खोलीत राळ तासन्‌तास घुमते.

चाचणी एका दिवशी एकाचीच करा. दोन मनगटांवर दोन मारले की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि नाकही थकतं. मनगटं घासू नका. २० मिनिटांनी, ४ तासांनी आणि रात्री असा तीनदा वास घ्या. पहिल्या पाच मिनिटांवर निकाल दिलात तर सुल्तान हमखास नापास होईल. आणि घरात चटणीचा मसाला भाजत असतील तो दिवस टाळा, धणे कुठले ते कळायचं नाही!

चंदनखोड: आभारी आहे. कपड्यांवर मारलं तर जास्त टिकेल ना?

धुपाटणं: टिकेल, पण राळ आणि व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य) यांचे पिवळट डाग पांढऱ्या शर्टावर बसतात. रेशमावर तर नकोच. बाटली आली की खोक्यासकट कपाटात ठेवा, खिडकीत नाही.

चंदनखोड: दोन्ही डिकँट मागवली. पहिली चाचणी मारोकँची.