‘कोठडीतील मृत्यू’ की ‘ताब्यातील मृत्यू’?

प्रश्न

मी नागपुरात एका दैनिकासाठी गुन्हेविषयक वार्तांकन करते. चौकशीसाठी ठाण्यात आणलेल्या एका इसमाचा मृत्यू झाला आणि नंतर तेथील अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. बातमीत मी ‘पोलीस कोठडीतील मृत्यू’ असे लिहिले होते. त्यावर ठाण्यातून हरकत आली की, त्या इसमाला अटकच दाखवलेली नव्हती, तेव्हा तो कोठडीत होता असे म्हणणे चुकीचे आहे. डेस्कवर तो शब्द बदलून ‘ठाण्यात मृत्यू’ करण्यात आला. योग्य शब्द कोणता? शिवाय त्या अधिकाऱ्यावर ‘आरोप ठेवले’ म्हणावे, की ‘गुन्हा दाखल केला’ म्हणावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

ताई, मी नागपुरातच तीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले आहे आणि हा शब्द माझ्या हाताखालून असंख्य वेळा गेला आहे. ठाण्याची हरकत ‘कोठडी’ या शब्दापुरती बरोबर आहे. म्हणून तो शब्द बदलायलाच हवा होता, पण डेस्कने केलेला बदल मुद्द्यापासून आणखी दूर नेणारा आहे.

‘कोठडी’ हा शब्द ‘कोष्ठ’ या संस्कृत शब्दाच्या घरातला. कोठा, कोठी, कोठार आणि कोठडी ही सगळी भावंडे आहेत, आणि या सर्वांचा अर्थ जागेशी बांधलेला आहे. पोलीस आणि न्यायालयाच्या व्यवहारात या शब्दाला दोन अर्थ चिकटले. एक म्हणजे गजाआडची खोली, जिला सगळे लॉकअप म्हणतात. दुसरा म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केलेली मुदत; ‘तीन दिवसांची पोलीस कोठडी सुनावली’ या वाक्यात खोलीचा काही संबंध नसतो. आपल्याकडे न्यायालयाच्या आवारात वकील आणि पोलीस या मुदतीला पीसीआर म्हणतात आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर. आता या दोन्ही अर्थांनी पाहिले, तर ज्याची अटक स्टेशन डायरीत आलेली नाही असा माणूस कोठडीत नसतोच. तो ठाणेदाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर असतो, डीबी (गुन्हे शोध) पथकाच्या खोलीत असतो, नाही तर गाडीच्या मागच्या आसनावर दोन शिपायांच्या मध्ये बसलेला असतो. कोठडीत नसला तरी तो स्वतःच्या मर्जीने उठून घरी जाऊ शकत नाही, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे.

कायद्याने हा मुद्दा धरलेला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने १७६(१अ) हे पोटकलम आले. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९६ व्या कलमात आहे. एखादी व्यक्ती पोलिसांच्या ताब्यात असताना, किंवा दंडाधिकाऱ्याने वा न्यायालयाने अधिकृत केलेल्या अन्य कोणत्याही ताब्यात असताना मरण पावली वा नाहीशी झाली, तर पोलिसांच्या तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतंत्र चौकशी करायची, असे हे कलम सांगते. त्यात अटकेची अट नाही. त्यामुळे ‘अटक दाखवली नव्हती’ हा बचाव ठरत नाही. उलट, अटक न दाखवता त्या माणसाला ठाण्यात कोणत्या अधिकाराने बसवून ठेवले, हा नवा प्रश्न त्यातून उभा राहतो.

म्हणून माझे मत असे की, ‘पोलिसांच्या ताब्यातील मृत्यू’ हा मूळ शब्द धरावा आणि ‘पोलीस कोठडीतील मृत्यू’ हा त्याचा एक पोटप्रकार मानावा. ‘ताब्यात घेतले’ हा तर पोलिसांचा रोजचा शब्दप्रयोग आहे. त्यांच्या प्रसिद्धिपत्रकातले अर्धे परिच्छेद याच क्रियापदावर संपतात. ज्याला ताब्यात घेतल्याचे स्वतः लिहून दिले, तो ताब्यात नव्हता असे नंतर म्हणता येत नाही. शासकीय मराठीत ‘अभिरक्षा’ असाही शब्द आहे. तो जड आहे आणि बातमीत बसत नाही, पण त्यातली ‘रक्षा’ विसरू नये.

याच संदर्भात एका जुन्या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. हवाली करणे, हवालदार आणि हवालात हे तिन्ही शब्द ‘हवाला’ या अरबी शब्दापासून आले आहेत. हवाला म्हणजे सोपवणूक. हवालदार म्हणजे ज्याच्याकडे काही सोपवले आहे तो, आणि हवालात म्हणजे त्या सोपवणुकीची अवस्था. खोलीचा अर्थ तिला मागाहून चिकटला. सोपवलेल्या वस्तूला काही झाले तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या शब्दातच सांगितलेले होते. ‘कोठडी’ रूढ झाल्यावर जबाबदारीची ही जाणीव आपल्या भाषेतून निसटली आणि हाती केवळ खोली उरली. ‘ठाण्यात मृत्यू’ म्हटल्यावर तर तीही जाते. ठाण्यात तक्रार द्यायला आलेल्या वृद्धाचाही मृत्यू होऊ शकतो. तो ठाण्यातला मृत्यू खरा, पण ताब्यातला नव्हे.

विदर्भातल्या बातम्यांत याच्या जोडीला ‘मर्ग दाखल’ असते. पुण्या-मुंबईकडचे वाचक इथे अडखळतात, कारण त्यांच्याकडे ‘आकस्मिक मृत्यूची नोंद’ असे लिहितात. ‘मर्ग’ म्हणजे फारसीत मृत्यू. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती, त्या काळच्या दप्तराची ही भाषा. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये ती आजही तशीच चालते. काही वर्षांपूर्वी मी ओळखीच्या एका बाईंसोबत एका सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर बसलो होतो. त्यांच्या मुलाला आदल्या दिवशी दुपारी घरून चौकशीसाठी नेले होते. एका शिपायाने मरणोत्तर पंचनाम्याचा कागद सहीसाठी पुढे केला आणि ‘मर्ग दाखल झाला आहे’ असे सांगितले. बाईंनी मला हळूच विचारले, ‘भाऊ, मर्ग म्हणजे बर्फात ठेवते ते न?’ त्यांना ‘मॉर्ग’ वाटले होते. आपल्या मुलाच्या मृत्यूची नोंद कोणत्या सदराखाली झाली, हे त्या आईला कळत नव्हते, आणि तिच्या हातात पेन दिलेले होते. मी त्यांना सांगितले की, मर्ग म्हणजे गुन्हा नव्हे, ही नुसती मृत्यूची नोंद आहे. गुन्हा दाखल व्हायचा असेल तर तो वेगळा होतो. मग त्यांनी सहीच्या खाली कापऱ्या अक्षरात लिहिले, ‘माझा मुलगा घरून चालत गेला होता.’ बातमीत ‘मर्ग’ लिहाल तेव्हा त्याचा अर्थ शेजारच्याच वाक्यात द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता दुसरा प्रश्न. ‘गुन्हा दाखल होणे’ ही पोलिसांच्या दप्तरातली पहिली पायरी, म्हणजे प्रथम खबर (एफआयआर). तपासानंतर न्यायालयात जाते ते दोषारोपपत्र. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश जे ठरवतात ती दोषारोप निश्चिती, आणि ‘आरोप ठेवले’ हे शब्द केवळ त्या पायरीसाठी राखून ठेवावेत. तुमच्या बातमीतल्या अधिकाऱ्याबाबत अजून गुन्हाच दाखल झाला आहे, तेव्हा ‘आरोप ठेवले’ लिहिणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आणि वाचकाची दिशाभूल करणारे ठरेल. ‘निलंबित’ आणि ‘बडतर्फ’ यांचीही गल्लत सर्रास होते. निलंबन ही शिक्षा नाही, चौकशीपुरते कामावरून दूर ठेवणे आहे. बडतर्फीने नोकरी जाते.

एका वकिलांचा प्रतिसाद

मुद्रितशोधकांच्या म्हणण्याला एक न्यायालयीन आधार जोडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात ‘ताबा’ म्हणजे इंग्रजी ‘कस्टडी’ या शब्दाची फोड केली होती. खुनाचा आरोप असलेले पोलीस अधिकारी आणि शिपाई न्यायालयात हजर झाले होते, आणि जामीन मागण्यासाठी ते ताब्यात आहेत असे मानायचे का, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिले की, हा शब्द लवचीक आहे, पण त्याचा गाभा असा की कायद्याने त्या व्यक्तीवर नियंत्रण घेतलेले असते. भिंती आणि गज हा त्याचा गाभा नाही. पोलिसांच्याच जामिनासाठी शब्दाचा जो व्यापक अर्थ लावला गेला, तो त्यांच्या समोरच्या बाकावर बसवलेल्या माणसाला नाकारता येणार नाही.

एक शंका मात्र आहे. बातम्यांत अशा अधिकाऱ्याबद्दल कधी ‘खुनाचा गुन्हा’ म्हणतात, कधी ‘हत्या’, कधी ‘सदोष मनुष्यवध’. आपण यावर काही लिहिले नाही.

उत्तर

वकीलसाहेब, आभारी आहे. १९८० चा तो निकाल माझ्या मुद्द्याला माझ्यापेक्षा चांगले मांडतो.

‘हत्या’ हा वृत्तपत्री शब्द आहे, कायद्याचा नाही. कायद्याच्या मराठीत ‘सदोष मनुष्यवध’ हा मोठा वर्ग आणि ‘खून’ हा त्यातला सर्वांत गंभीर प्रकार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ व्या कलमात आहे, खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची १०५ मध्ये आणि हयगयीने झालेल्या मृत्यूची १०६ मध्ये. परंतु ताब्यातील मृत्यूच्या प्रकरणांत आणखी एक कलम महत्त्वाचे असते आणि त्याचे नाव बातमीत क्वचित येते. कबुली उकळण्यासाठी दुखापत करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आधीच्या भारतीय दंड संहितेत तो ३३० आणि ३३१ या कलमांत होता, आता न्याय संहितेच्या १२० मध्ये आहे.

आपल्या नागपूरचेच उदाहरण आहे. १९९३ मध्ये येथे ताब्यात घेतलेल्या एका माणसाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्या प्रकरणातल्या पोलिसांना शिक्षा झाली ती खुनाच्या कलमाखाली नव्हे, तर या ३३० खाली, आणि ती तीन वर्षांची होती. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षांची केली, म्हणजे त्या कलमाखाली देता येणारी कमाल शिक्षा दिली. त्या वेळी मथळ्यांत काहींनी ‘खूनप्रकरणी शिक्षा’ असे लिहिले असते, तर ते चूक ठरले असते. पण ‘दुखापतप्रकरणी शिक्षा’ एवढेच लिहिले, तर माणूस मेला हेच वाचकाला कळले नसते. अशा ठिकाणी वाक्य लांबले तरी चालेल: ‘कबुलीसाठी दुखापत केल्याच्या गुन्ह्यात दोषी, ताब्यातील इसमाचा मृत्यू झाला होता.’ मृत्यूपासून अंतिम शिक्षेपर्यंत २५ वर्षे गेली, हेही त्याच बातमीत यायला हवे होते.

‘न्यायालयीन कोठडीतील मृत्यू’ या शब्दाबाबतही सावध राहावे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत अटक झालेल्या तरुणाचा मृत्यू न्यायालयीन कोठडीत असताना झाला. शब्द वाचून वाचकाला वाटावे की पोलिसांचा संबंध संपला होता. प्रत्यक्षात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कोठडीचे नाव मृत्यूच्या क्षणापुरते असते. इजा त्याआधीची असू शकते. त्यामुळे तारखा द्याव्यात: कधी ताब्यात घेतले, कधी अटक दाखवली, कधी दंडाधिकाऱ्यांपुढे नेले, कधी मृत्यू झाला.

शेवटी ‘आरोपी’ या शब्दाविषयी. ‘आरोपीच्या मृत्यूप्रकरणी आरोपी अधिकाऱ्याची चौकशी’ असे वाक्य मी स्वतः दुरुस्त केलेले आहे. मेलेल्या माणसाविरुद्धचा खटला त्याच्या मृत्यूबरोबर संपतो. त्याला दोषी ठरवण्याचा अधिकार आता कोणालाच नाही. तरीही मथळ्यात तो ‘सराईत चोरटा’ असतो आणि अधिकारी ‘कथित मारहाणीतील’ असतो. ‘कथित’ अधिकाऱ्याला द्यावेच, तो त्याचा हक्क आहे. पण मग ‘सराईत’ही काढावे आणि मृताला त्याच्या वयाने, कामाने आणि वस्तीने ओळखावे.

ताई, तुमचे वाक्य मी असे केले असते: ‘चौकशीसाठी पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या ३२ वर्षीय रंगारी कामगाराचा दुसऱ्या दिवशी पहाटे मृत्यू झाला, त्यांची अटक दाखवण्यात आलेली नव्हती. या प्रकरणी संबंधित अधिकाऱ्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला असून, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी सुरू आहे.’ वय आणि काम मी उदाहरणापुरते घातले आहे, ते तुमच्या नोंदीप्रमाणे बदलावे. ‘त्याची’ऐवजी ‘त्यांची’ जाणूनबुजून लिहिले आहे. डेस्कने ते एकवचनी केले, तर कृपया परत बदलून घ्यावे.