भेट आलेली सात झाडं, आणि जेडच्या बेचक्यात कापूस

हिरवी_दुपार:
मागच्या आठवड्यात निवृत्त झाले. वस्तू नकोत असं आधीच बजावून ठेवलं होतं, तर सगळ्यांनी मिळून झाडं दिली. एक जेड, दोन मनीप्लांट, फर्न, पीस लिली, स्नेक प्लांट आणि फुलावर आलेला होया. घरात माझी स्वतःची वीसेक आहेत, त्यात एक होया २२ वर्षांचा. म्हणून धास्ती.

जेडच्या बेचक्यात कापसाचा कण दिसला. फुंकर मारली, उडाला नाही. फर्नच्या पानांमागे तपकिरी ठिपके आहेत. मनीप्लांटला पाणी घातलं की मातीतून बारीक काळी चिलटं उठतात. नवा होया हाताला चिकट लागतो. टाकून द्यायची सोय नाही, देणारे घरी येऊन "आमचं झाड कुठंय?" विचारणारच. तपासायला सुरुवात कुठून करू?

कुंडीबहाद्दर:
कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. सातही झाडांवर कडुनिंबाचं तेल फवारून मोकळ्या व्हा.

भिंगवाली_आजी:
बहाद्दर, जरा दमानं. ताई, आज फवारायचं काही नाही. आज फक्त सातही झाडं तुमच्या झाडांपासून लांब, वेगळ्या खोलीत न्यायची आणि तीन-चार आठवडे तिथंच ठेवायची. मी हे केलं नव्हतं. मला एक जेड भेट आलं होतं, अगदी टवटवीत. शोभून दिसतं म्हणून होयाच्या शेजारी ठेवलं. दोन महिन्यांनी होयाची पानं मलूल व्हायला लागली, मी पाणी वाढवत राहिले. शेवटी कुंडी उलटी केली तर मुळांवर पांढरी पिठी, कुंडीच्या आतल्या भिंतीलाही तीच. वरती एक किडा नव्हता हो! तेव्हापासून भेट आलेलं झाड मी आधी कुंडीतून बाहेर काढून बघते. मातीतले पर्लाइटचे पांढरे दाणे बघून दचकू नका. चिमटीत चुरडा. पर्लाइट खरखरतं, पिठ्या ढेकूण चिकट होऊन पसरतो.

तुमच्या जेडवरही आधी तेच करा. पानाच्या पृष्ठभागावर सपाट पांढरे ठिपके असतील तर ते बहुधा क्षार, पुसले की जातात. पण बेचक्यातला, न उडणारा कापूस हा ढेकूणच धरून चाला. कानात घालायची कापूसकाडी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक टिपायचा. आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा. कापसाच्या पिशवीत अंडी असतात, ती एका फेरीत संपत नाहीत, म्हणून दर आठवड्याला, निदान चार वेळा. जेडला साबणपाणी मात्र मारू नका, त्याला ते बाधतं.

फर्नचं वेगळं आहे. ठिपके मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना शिवणीच्या टाक्यांसारखे ओळीत आहेत का? मग ते बीजाणूंचे पुंजके, झाड ठणठणीत. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही. ती देठावर, शिरेवर वेडीवाकडी चिकटते आणि नखानं ढकलली की खपलीसारखी सुटते. पहिल्यांदा फर्न आलं तेव्हा मी अर्धी पानं कापली होती. कुणाला सांगितलं नाही अजून.

कोळी कीड (पानांचा रस शोषणारे अगदी बारीक माइट, घरातला जाळीवाला कोळी नव्हे) डोळ्यांना दिसायची वाट बघू नका. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचक्या मारा. पडलेली धूळ स्वस्थ बसते. ठिपके चालायला लागले तर कोळी. रात्री अंधार करून टॉर्च पानाला आडवा धरला की जाळंही चमकतं. कोरड्या, गरम हवेत हे फार झपाट्यानं वाढतात.

चिलटं त्रासदायक, पण माझ्या मते सगळ्यात कमी काळजीची. अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात असतात. वरचा इंचभर थर वाळू द्या, मगच पाणी.

पानगळ:
आजींनी सगळं सांगितलं, फुलकिडे राहिले. पीस लिलीची पानं तिरपी धरून बघा. चंदेरी ओरखडे आणि त्यात काळे बारीक ठिपके (ती त्यांची विष्ठा) दिसले तर फुलकिडे. अंडी पानाच्या आत घालतात आणि कोषात जायला बरेचसे मातीत उतरतात, त्यामुळे पान पुसून भागत नाही.

कुंडीबहाद्दर:
आजी, कडुनिंबाला अगदीच टाकाऊ ठरवू नका.

भिंगवाली_आजी:
टाकाऊ कुठे म्हटलं? लिटरभर पाण्याला ५ मिली तेल, दोन थेंब साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. पण जेडवर नको. आणि कशासाठी मारतोय ते आधी कळू दे. सात झाडांना एकच औषध म्हणजे सात पेशंटांना न तपासता एकच गोळी.

हिरवी_दुपार:
आज सकाळी सगळं पालथं घातलं. फर्न: ओळीत, अगदी टाके घातल्यासारखे. सुटले. होयाचा चिकटपणा फुलांखालच्या दोन पानांवरच आहे, फुलांतूनच मध टपकतो. वर काळी बुरशी नाही, मुंग्या नाहीत, नखाला काही लागलं नाही, म्हणजे हा किडीचा चिकटपणा नव्हे. पीस लिली, स्नेक प्लांट स्वच्छ. जेडच्या मात्र मुळांशी पिठी निघाली, आजी म्हणाल्या तशीच. माती सगळी झटकली, मुळं धुतली, जुनी कुंडी बाद केली. सातही न्हाणीघरात मुक्कामाला. तेवढ्यात जेड देणारीचा फोन, "कुठं ठेवलंस गं?" म्हटलं, आत्ताच आंघोळ घातलीय त्याला.

भिंगवाली_आजी:
न्हाणीघराला खिडकी आहे ना? आणि जेडची मुळं धुतलीत, तर चार-पाच दिवस कोरडी राहू द्या, लगेच मातीत लावू नका. ओल्या जखमा कुजतात.