मदत हवी आहे: 'हाऊस'चं बदललेलं टायटल म्युझिक
'हाऊस एम.डी.' ही डॉक्टरांवरची अमेरिकन मालिका परत बघायला घेतलीये पण सुरुवातीचं म्युझिकच वेगळं लागतंय, ते डोक्याचं स्कॅन दिसतं ना तिथे आधी मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडचं 'टिअरड्रॉप' हे गाणं असायचं, १९९८ चं, काळजाच्या ठोक्यासारखं चालणारं, तर हक्कांच्या भानगडीमुळे अमेरिकेबाहेर काही ठिकाणी ते बदललं एवढं कळलं. शझाम (गाणं ओळखणारं ॲप) दोनदा लावून बघितलं, काहीच सापडेना, तुकडाच केवढासा. २००७ चा साउंडट्रॅक अल्बम पण चाळला, त्यात 'टिअरड्रॉप'च आहे, आणि ते आहे माझ्याकडे. ही दुसरी धून (खरं सांगू, आता हीच जास्त आवडायला लागलीये) नक्की कुणाची, आणि पूर्ण लांबीची कुठे विकत किंवा स्ट्रीमिंगवर मिळते का?