मदत हवी आहे: आयसीसी ०.०७ आला, आता मल्टिलेव्हल मॉडेल लावायचं की साधं रिग्रेशन?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं विश्लेषणाचं प्रकरण अडलंय. विषय: टीम लीडरचा आधार, कामाचा ताण आणि नोकरी सोडण्याचा विचार. ४२ टीम, ३७८ कर्मचारी, म्हणजे टीममागे सरासरी ९ जण. सगळ्यात लहान टीम ४ जणांची, मोठी १७ जणांची. लीडरचा आधार म्हणजे कर्मचाऱ्यांनीच दिलेल्या गुणांची टीमवार सरासरी. ताण आणि नोकरी सोडण्याचा विचार ज्याचा त्याचा.

एकही प्रेडिक्टर (ज्यावरून अंदाज बांधायचा तो घटक) न घालता मॉडेल चालवलं तर नोकरी सोडण्याच्या विचाराचा आयसीसी ०.०७ येतो, म्हणजे एकूण फरकापैकी ७ टक्के फरक टीमाटीमांमधला. गाईड म्हणतात, ०.१०च्या खाली आहे ना, मग साधं रिग्रेशन (प्रत्येक माणूस स्वतंत्र धरून) कर आणि मोकळी हो. समितीतल्या मॅडमचं म्हणणं, माणसं टीममध्ये आहेत म्हटल्यावर मल्टिलेव्हलच (टीम आणि व्यक्ती या दोन पातळ्या वेगळ्या धरणारं मॉडेल), चर्चाच नको. मी कात्रीत.

दोन्ही चालवून बघितलं. लीडरच्या आधाराचा पी (परिणाम नसतानाही इतका फरक दिसण्याची शक्यता; सहसा ०.०५च्या आत हवा) साध्या रिग्रेशनमध्ये ०.०३, मल्टिलेव्हलमध्ये ०.०९. ताणाचे आकडे मात्र दोन्हीकडे जवळपास तेच. असं का होतं? सोयीचा पी बघून पद्धत निवडली असं व्हायला नको, म्हणून निकष आधी समजून घ्यायचाय. जाणकारांनी कृपया सांगावं.

आकडेमोड्या:

०.१०ची रेघ डोक्यातून काढा. नुसत्या आयसीसीवरून काही ठरत नाही, टीमचा आकार सोबत लागतो. डिझाईन इफेक्ट (टीममुळे माहिती किती पटीने घटते ते) = १ + (सरासरी आकार − १) × आयसीसी. तुमच्याकडे १ + ८ × ०.०७ = १.५६. म्हणजे लीडरच्या आधाराबद्दल बोलायचं तर तुमची ३७८ माणसं साधारण २४२ स्वतंत्र माणसांइतकीच माहिती देतात. १.५६चं वर्गमूळ १.२५, तेव्हा खरा स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) साध्या रिग्रेशनने दाखवला त्याच्या सव्वापट. पी ०.०३ होता म्हणजे टी (गुणांक ÷ स्टँडर्ड एरर) २.१८च्या आसपास असणार. त्याला १.२५ने भागा, १.७४ येतो. तुमचा ०.०९ तिथून आला. (टीम लहानमोठ्या असल्या की फटका आणखी थोडा वाढतो.) डिझाईन इफेक्ट २च्या आत असला तर दुर्लक्ष करा, असंही बरेच जण सांगतात. तुमच्याकडे १.५६लाच निष्कर्ष पालटला की!

ताणाचं काही बिघडलं नाही, कारण या सूत्रात खरं तर प्रेडिक्टरचा स्वतःचा आयसीसीही गुणावा लागतो. टीमची सरासरी त्या टीममधल्या सगळ्यांना एकच, म्हणून तिचा आयसीसी १ आणि फटका पूर्ण. ताण माणसागणिक वेगळा. त्याचा आयसीसी समजा ०.०५ असेल, तर १ + ८ × ०.०५ × ०.०७ = १.०२८. नगण्य.

तेव्हा तुमचा प्रश्न कुठल्या पातळीवरचा, ते बघा. टीमच्या गुणधर्माचा व्यक्तीवर परिणाम बघताय, तर आयसीसी लहान असला तरी मल्टिलेव्हलच. सगळे प्रेडिक्टर व्यक्तीचे असते आणि टीम नुसती आड येत असती, तर क्लस्टर रोबस्ट (टीमचे गट लक्षात घेऊन दुरुस्त केलेल्या) स्टँडर्ड एररवर भागलं असतं. आणि ताणाचा परिणाम टीमनुसार कमीजास्त होतो का, हे विचारायचं असेल तर रँडम स्लोप (प्रत्येक टीमला ताणाचा वेगळा गुणांक) हवा. तिथे हा ०.०७ काहीच सांगत नाही, कारण तो फक्त टीमच्या सरासऱ्यांमधला फरक मोजतो.

त्रयस्थ:

वरच्यांशी सहमत. पण मॉडेलच्या आधीचा प्रश्न राहिलाच. लीडरच्या आधाराची टीमवार सरासरी काढणं योग्य कशावरून? एकाच टीममधले निम्मे लोक ५ आणि निम्मे १ देत असतील, तर ३ ही सरासरी कोणाचीच नाही. आरडब्ल्यूजी (टीममधल्यांचं एकमत किती ते सांगणारा आकडा) काढा आणि आधाराचा स्वतःचा आयसीसीही.

शिवाय ताण ग्रुप मीनने सेंटर करून (प्रत्येकाच्या ताणातून टीमची सरासरी वजा करून) टीमचा सरासरी ताण वेगळा घाला, नाहीतर टीममधला आणि टीमाटीमांमधला परिणाम एकाच गुणांकात मिसळतो. दोन्हींची दिशा उलटीही असू शकते. रॉबिन्सनने १९५०मध्ये अमेरिकी जनगणनेच्या आकड्यांवर दाखवलं होतं: परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी दिसत होती, पण व्यक्तींकडे पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांत ती किंचित जास्तच होती.

धागाकर्ती:

दोघांचेही आभार! आधाराचा आयसीसी ०.१५ आलाय, आरडब्ल्यूजी बहुतेक टीममध्ये ठीक आहे. अजून दोन शंका. ४२ टीम पुरतात का? आणि या टीम ६ विभागांत आहेत, मग विभाग ही तिसरी पातळी धरायची का?

आकडेमोड्या:

०.१५ आणि ९ जण म्हणजे टीमच्या सरासरीची विश्वासार्हता (९ × ०.१५) ÷ (१ + ८ × ०.१५) = ०.६१. फार भक्कम नाही, परीक्षक टोकणार. मर्यादांमध्ये तुम्हीच आधी लिहून टाका.

४२वर काम होतं. आरईएमएल (मॉडेलचे आकडे काढण्याची एक पद्धत) वापरा, केनवर्ड-रॉजर दुरुस्ती (टीम मोजक्या असताना लागणारी) लावा, आणि टीमच्या पातळीवर दोन-तीनपेक्षा जास्त प्रेडिक्टर कोंबू नका. ६ विभागांवरून व्हेरिअन्सचा (विभागांमधल्या फरकाचा) अंदाज बांधण्यात अर्थ नाही, ५ डमी (विभाग दाखवणारे ०/१ रकाने) घाला. त्या ४२ टीममधून ५ डिग्रीज ऑफ फ्रीडम (अंदाजासाठी उरणारी मोकळी माहिती) खातील, तेव्हा विभागांमुळे खरंच फरक पडेल असं वाटत असेल तरच. ०.०९ आलाय तर ०.०९च छापा, सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकतो ती कक्षा) द्या.