विषय : जानेवारीची सहल – तिकिटावरची वेळ आणि बाबांचे जेवण

प्रेषक : अर्जुनीकर

सर्वांस नमस्कार. सध्या गावी आहे, आणि घरात नेटवर्क येत नसल्यामुळे तलावाच्या पाळीवर उभा राहून लिहितो आहे, तेव्हा उत्तरास उशीर झाल्यास राग मानू नये. धानाचा चुकारा अद्याप जमा झालेला नाही. तो झाला की आई-बाबांना घेऊन अमेरिकेला निघतो. चॅटनूगाच्या मत्स्यालयाची तिकिटे शनिवारी सकाळी ११ ची काढण्याचे ठरते आहे, असे कळले. तिथले ११ म्हणजे आपल्या नॅशव्हिलचे १०, आणि १३० मैलांच्या वाटेत वडीलधाऱ्यांसाठी दोनदा थांबावे लागणार. आत शिरल्यावर दोन-अडीच तास सहज जातात. बाबा मात्र १२ ला पानावर बसतात आणि त्यात पंधरा मिनिटेही इकडेतिकडे चालत नाहीत. कृपया वेळ बदलावी.

प्रेषक : खजिनदार

वेळ मी विचार करूनच सुचवली होती. अटलांटाच्या सहलीत तासाचा फरक लक्षात न घेतल्यामुळे काय झाले, हे सर्वांना आठवत असेलच. निघण्यापूर्वी त्याची आठवण मी दोनदा करून दिली होती, हेही नोंदवून ठेवतो. सकाळी गर्दी कमी असते. बाबांना गाडीत काही खायला देता येईल.

प्रेषक : साकोलीच्या काकू

गाडीत खाणे म्हणजे जेवण नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की जेवण आधी आणि मासे नंतर. आमच्या नातीने काचेपलीकडचा मासा तोंड उघडतो-मिटतो तसे स्वतः करून पाहिले, त्याला नाव ठेवले, आणि दुपारी हॉटेलात तळलेला कॅटफिश समोर येताच जे रडू लागली ते थेट घरी येईपर्यंत. त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे रोहूचे कालवण ती झोपल्यावर होत असे.

प्रेषक : पवनीकर

काकूंच्या नातीला नाव ठेवता येणार नाही असा मासा पाहायचा असेल, तर अटलांटालाच जावे. २००५ मध्ये सुरू झालेल्या त्या मत्स्यालयातील सर्वांत मोठ्या टाकीत सुमारे २ कोटी ३८ लाख लिटर पाणी आहे आणि त्यात व्हेल शार्क आहे. चॅटनूगाहून पुढे जेमतेम १२० मैल. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आपण कॅटफिश दाखवणार का?

प्रेषक : खजिनदार

अटलांटाचा विषय मागील बैठकीत संपला आहे. चॅटनूगाचे मत्स्यालय १९९२ चे आहे. समुद्राची इमारत तिथे २००५ मध्ये आली, पण मूळ इमारत नदीचीच आहे. डोंगरातल्या झऱ्यापासून समुद्रापर्यंत पाणी कसे जाते, त्या क्रमाने मासे मांडलेले असल्यामुळे वरच्या मजल्यापासून उतरत यावे लागते, आणि म्हाताऱ्या माणसांना चढण्यापेक्षा ते सोयीचे पडते. वेळेबद्दल अर्जुनीकरांनी स्पष्ट सांगावे.

प्रेषक : अर्जुनीकर

वरील सर्व पत्रे बाबांना पाळीवर वाचून दाखवली. ढिवर (मासेमार) जाळे ओढत होते, त्यामुळे त्यांचे निम्मे लक्ष तिकडे होते. त्यांनी आधी तिथले पाणी गोडे की खारे, एवढेच विचारले. गोडे म्हटल्यावर मरळ आहे का, असे विचारले. व्हेल शार्कची चौकशी केली नाही. घड्याळांचा घोळ समजावताना आपल्या गावी दुपारचे १२ वाजतात तेव्हा चॅटनूगात रात्रीचा दीड झालेला असतो, असे मी सांगून बसलो, तर म्हणाले, “मंग मी रातच्या दीडला जेवाचं का?” त्यावर आई हसली आणि मला उत्तर सुचले नाही.

तेव्हा असे करावे. नॅशव्हिलहून आपल्या ८ ला निघावे, चॅटनूगात तिथल्या साडेअकरापर्यंत पोहोचावे, १२ ला भात मिळेल अशा ठिकाणी बसावे आणि तिकिटे दीडची काढावीत. काकूंचाही मुद्दा त्यात सांभाळला जातो. कॅटफिश मागवण्यास बाबांची हरकत नाही. सकाळी बोडीत (लहान तळ्यात) पोहणारी मरळ दुपारी पानात, हे ते लहानपणापासून पाहत आले आहेत. त्यांना नातवंडांपासून थोडे दूर बसवू.

प्रेषक : खजिनदार

दीडची वेळ मान्य. चौदापैकी सात जणांचे पैसे अजून आलेले नाहीत, आणि त्यात पवनीकर आहेत.