पावसाळ्यात लोखंडी पावडर हॉपरमध्ये अडकते, ओव्हनमध्ये वाळवावी का?

कुपवाड_प्रेस
सिंटर्ड बुशचं (पावडर दाबून भट्टीत भाजलेल्या बेअरिंगच्या नळीचं) काम आहे. मिक्स असं: लोखंडी पावडर, 2% तांबं, 0.8% ग्रॅफाइट, 0.8% झिंक स्टिअरेट (दाबताना वंगण म्हणून). उन्हाळ्यात हॉल फनेलमधून (पावडर किती सहज वाहते ते मोजायचं ठराविक भोकाचं नरसाळं) 50 ग्रॅम 31 सेकंदांत पडायचं. पाऊस लागल्यापासून 38 वर गेलंय, कधी मध्येच थांबतं आणि टिचकी मारावी लागते. बुशचं वजन 42 ग्रॅम ± 0.3 असायचं, आता 1 ग्रॅमच्या वर फरक येतो. फीड शू (साच्यात पावडर भरणारा सरकता खोका) तपासला, डाय म्हणजे साचाही ठीक आहे. बॅगा एसी स्टोअरला 22 अंशांवर असतात, लागेल तशी बॅग प्रेसशेजारी आणून फोडतो. सगळा माल 110 अंशांवर ओव्हनमध्ये घातला तर चालेल का?

भट्टीकाठ
110 अंशांचा विचार आधी सोडा. झिंक स्टिअरेट साधारण 120 ते 130 अंशांत वितळतं, आणि ओव्हनचा काटा 110 दाखवत असला तरी ट्रेचा कोपरा किती तापलाय ते तो सांगत नाही. स्टिअरेट एकदा मऊ पडलं की कणांना चिकटून गाठी होतात. मग पावडर कोरडी असूनही वाहत नाही.

दोष त्या एसी स्टोअरचा दिसतोय. शेडमध्ये 28 अंश आणि 85% आर्द्रता धरली तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) 25 च्या थोडा वर येतो. तुमची बॅग 22 वर. म्हणजे फोडल्याफोडल्या पावडरीला घाम येणारच, फ्रिजमधल्या बाटलीला येतो तसा. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण 23 ग्रॅम पाणी असतं आणि 22 अंशांवर 19 च्या आसपासच मावतं. उरलेलं पावडरीवर बसतं.

बॅग बंद ठेवूनच प्रेस शेडमध्ये आणा आणि 24 तास तशीच राहू द्या. दोन-चार तासांत बाहेरून गरम लागेल, त्यावर जाऊ नका. पावडरीच्या कणांमध्ये हवा असते, त्यामुळे 25 किलोच्या बॅगेचा गाभा फार सावकाश तापतो. अर्धी उरलेली बॅग सुतळीने बांधून ठेवत असाल तर ते आजच बंद करा. हवाबंद झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलची पिशवी टाका.

चाळणी_100
वरचं पटलं, पण आधी दोष खरंच पाण्याचा आहे का ते बघा. त्याच लॉटची 60 ग्रॅम पावडर ताटलीत पातळ पसरा, 55 अंशांवर तीन तास ठेवा, बंद डब्यात सिलिका जेलसोबत थंड होऊ द्या आणि लगेच फनेलमध्ये घाला. वेळ 31-32 वर आली तर दोष पाण्याचा. 37-38 च राहिली तर बारीक कणांचं प्रमाण वाढलंय किंवा मिक्स फाटलंय (घटक वेगळे झालेत), मग वाळवून काही उपयोग नाही. फनेलच्या भोकाला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणाही वेळ वाढवतो.

पाण्याने नेमकं होतं काय, तर दोन कण जिथे टेकतात त्या फटीत पाण्याचा अगदी बारीक पूल तयार होतो आणि तो कणांना ओढून धरतो. फाउंड्रीची वाळू जरा ओलावली की मुठीत गोळा होते, तसंच. हा पूल व्हायला पाण्याचा थेंब दिसायलाच हवा असं नाही. आर्द्रता 60-65% च्या वर गेली की अरुंद फटीत वाफेचंच पाणी होऊ लागतं. त्याच पट्ट्यात लोखंडाला गंजही धरू लागतो. त्यामुळे पावडर पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात बघा. करड्या रंगात तांबूस झाक असेल तर तो माल वाळवून परत घेऊ नका. गंजातला ऑक्सिजन भट्टीत तुमच्या ग्रॅफाइटचा कार्बन खातो आणि बुश मऊ निघतो. तेव्हा लोक भट्टीच्या गॅसला शिव्या घालत बसतात. मिक्समधलं तांबंही तांबूस दिसतं, म्हणून ताज्या बॅगेचा नमुना शेजारी ठेवूनच ठरवा.

कुपवाड_प्रेस
चाचणी केली. वाळवल्यावर 32 सेकंद. म्हणजे पाणीच. आता शेडमध्ये डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता 20% वर आणू का?

भट्टीकाठ
इतकी खाली नको. फार कोरड्या हवेत स्थिर वीज साठते, ग्रॅफाइटसारखी हलकी भुकटी प्लास्टिकच्या नळीला चिकटून बसते आणि मिक्स बिघडतं. 40 ते 50% पुरे. हॉपर आणि फीडची नळी अर्थिंगला जोडा. पूर्ण शेडचा खर्च जड वाटत असेल तर प्रेसभोवती पॉलिकार्बोनेटची केबिन करून तेवढ्याच हवेला यंत्र लावा.

जो माल ओला झालाय तो ट्रेमध्ये 2 सेंटिमीटर थर देऊन 50-55 अंशांवर चार तास ठेवा आणि सावकाश थंड करा. मिक्सरमध्ये पुन्हा फार वेळ फिरवू नका. फिरवत बसलात तर स्टिअरेट कणांवर पसरत जातं आणि फनेलच्या वेळेचे आकडे परत बदलतात.

कुपवाड_प्रेस
धन्यवाद दादा. अजून एक. त्याच स्टोअरला ॲल्युमिनियम ग्राइंडिंगच्या ओल्या भुकटीचे तीन ड्रम आहेत, 200 लिटरचे, झाकण घट्ट. ते तिथे चालतील ना?

चाळणी_100
नाही. लगेच बाहेर काढा, हे आधी करा, बाकीचं नंतर. ताज्या घासलेल्या ॲल्युमिनियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो. हवेत 4% हायड्रोजन झाला की ठिणगीने पेटतो. 200 लिटरच्या ड्रमला त्यासाठी 8 लिटर लागतो, आणि तेवढा गॅस जेमतेम 6 ग्रॅम ॲल्युमिनियम देतं. शिवाय शेजारी गंजलेली लोखंडी भुकटी असेल तर दोन्ही मिळून थर्माइट होतं (पेटलं की प्रचंड तापून जळणारं मिश्रण). ही दोन द्रव्यं एका खोलीत ठेवायचीच नाहीत.

आत दाब असू शकतो, म्हणून झाकण पाना मारून उघडू नका. ड्रम उघड्या शेडखाली न्या, हातानेच अगदी सावकाश सैल करा, मोबाइल, ग्राइंडर, वेल्डिंग सगळं लांब. पुढे झाकणाला वरच्या बाजूला छिद्र असलेलाच ड्रम वापरा. भुकटी नुसती दमट ठेवणं सगळ्यात वाईट, कारण ती तापते आणि उष्णता वाहून न्यायला पाणी कमी पडतं. पूर्ण बुडवून तरी ठेवा, नाहीतर पहिल्यापासूनच कोरडी ठेवून रोज उचला.

आणि आग लागली तर पाणी नको, सीओटू नको, नेहमीचा एबीसी सिलिंडरही नको. कोरडी वाळू किंवा डी क्लासचा (धातूच्या आगीसाठीचा) सिलिंडर. वाळूची बादली आत्ताच हात घालून बघा, पावसात तीच भिजलेली असते.