प्रतिसाद: मठारकाम फक्त नक्षीसाठी नसतं

वर विचारलंय की पुण्याच्या तांबट आळीतल्या, तांब्याची भांडी घडवणाऱ्या घराण्यांचं मठारकाम (भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके देणं) नुसतं दिसण्यापुरतंच का. मुळीच नाही! पेशवाईपासून कसबा पेठेत वसलेल्या या तांबटांनी ते भांड्याच्या बळकटीसाठीही जपलंय. ठोकून तांबं कडक होतं. घडवताना ते मंद लाल तापवून मऊ करतात, नाहीतर काठाला चीर जाते. मग चिंचेने काळपट थर काढायचा. मठारणं शेवटी: तळाच्या मध्यापासून गोल फेऱ्यांत, आतून लोखंडी आधार घट्ट टेकवून. आधार सुटला की पोचा पडतो. हातोडीचं तोंड आरशासारखं हवं, बारीक ओरखडाही प्रत्येक ठोक्यात उमटतो. मठारलेला हंडा पुन्हा लाल होईपर्यंत तापवू नका, कडकपणा जातो.